दुसरं पान

कर्जत-खालापुरात ठाकुरवाड्या इतक्या, की ‘ठाकुरवाडीचा’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘कुठल्या?’ आमची खालापुरातली. तिथून समुद्र दिसत नाही की खारा वारा लागत नाही. पण वाडीखालचा ओढा पाताळगंगेला मिळतो आणि पाताळगंगा धरमतरच्या खाडीला. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ साली चालू झालं, तेव्हापासून घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणीही याच वाटेनं खाडीला जातं. एकोणिसाव्या वर्षी मीही त्याच वाटेनं खाली उतरलो आणि बार्जवर खलाशी झालो. आता सारंग आहे. दर दिवाळीनंतर वाडीतली दोन-चार पोरं माझ्या ओळखीवर खाडीला येतात. प्रत्येकाला तीच गोष्ट सांगून जीभ झिजली, म्हणून एकदाची लिहून काढतोय. गोष्टीत चूक माझी आहे, हे आधीच सांगतो.

बत्तीची भाषा आपल्याला काही नवी नाही. माझी आजी ओट्यावर बसून समोरच्या डोंगरावरच्या बत्त्या वाचायची. पहिला पाऊस पडला की रात्री माणसं मुठे, म्हणजे खेकडे, धरायला उतरायची. बत्ती बांधाच्या कडेनं थांबत थांबत सरकली की ते मुठेवाले. सरळ वर चढत आली की कोणी बाजाराहून उशिरा परतलेला. आणि दोन बत्त्या मधे आठ-दहा हातांचं अंतर राखून सावकाश उतरायला लागल्या की आजी उठून उभी राहायची. झोळी! कोणाला तरी दवाखान्यात नेतायत. वाटेवर जो असेल त्यानं बाजूला व्हायचं, कारण झोळीवाल्यांना बाजूला होता येत नाही. हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण वाडीत चुकत कोणी नव्हतं.

समुद्रावर ते लिहून ठेवलंय. टकरी टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बत्त्या लावायच्या, धुक्यात दिवसाही. इंजिनावर चालणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीवर पांढरी बत्ती, ती समोरून आणि दोन्ही अंगांनी मिळून २२५ अंशांत दिसते. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवी, प्रत्येकी साडेबाराशे नव्हे बरं का, एकशे साडेबारा अंश. माझा पहिल्या परीक्षेत हाच आकडा चुकला होता. मागे आणखी एक पांढरी, १३५ अंशांची. २२५ आणि १३५ मिळून ३६०. म्हणजे अंधारात तुम्ही कुठूनही पाहा, इंजिनाच्या जहाजाची एक तरी पांढरी बत्ती दिसलीच पाहिजे. लाल किंवा हिरवी दिसतेय पण वर पांढरी नाही, तर ते शिडावर चाललंय. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा.

आमचं बार्ज पंचेचाळीस मीटरचं, क्रेनवालं. केबिन मागे, मधे क्रेन, पुढे सगळा मोकळा डेक. पन्नास मीटरच्या आतल्या जहाजाला डोलकाठीवर एक पांढरी बत्ती पुरते, पण जहाज वीस मीटर किंवा त्याहून लांब असेल तर ती मध्याच्या पुढे हवी. आमच्या पुढच्या डेकवर क्रेनचा बूम फिरायचा. तिथे डोलकाठी उभी केली असती तर पहिल्याच दिवशी बूमनं तिला आडवी केली असती. म्हणून आमची पांढरी बत्ती मागे, केबिनच्या माथ्यावर होती, आणि तशी ठेवायला सरकारी परवानगी होती. ही सूट देणारा कागद लॅमिनेट करून केबिनमध्ये, गणपतीच्या फोटोशेजारी लावलेला. रोज नजरेसमोर. त्याला दुसरं पान होतं, ते फाईलमध्ये. ते कोणी वाचलं होतं? मी नाही. मास्तरांनीही नाही, असं पुढे कळलं.

जानेवारीतली पहाट, चारचा सुमार. ओहोटी लागली होती आणि आम्ही धरमतरहून मुंबईच्या दिशेनं निघालो होतो. डेकवर पाईप चढवलेले, तेही नेमके जिथे बूम टेकवायची घोडी असते तिथे. त्यामुळे बूम खाली बसेना. तो अर्धा उभा, थोडा डावीकडे कलता बांधून टाकला. मास्तरांनी जेटीवरच्या सुपरवायझरला फोनवर विचारलं, ‘बूम वर आहे, बत्तीचं काय?’ पलीकडून उत्तर आलं, ‘आपल्याला सूट आहे ना. कागद आहे.’ विषय संपला.

बत्त्या लावायचं काम माझं. मी खटके दाबले, पॅनेल पाहिलं. पॅनेलवर प्रत्येक बत्तीच्या नावापुढे बारीक टिकली असते. बल्ब गेला तर ती विझते. चारही टिकल्या पेटलेल्या. डेकचे हॅलोजनही मी बंद केले, कारण त्यांच्या झगझगाटात लाल-हिरवं झाकून जातं आणि नियमानं ते चालत नाही. स्वतःवर खूश होतो मी. पांढरी बत्ती खरोखरच जळत होती. फक्त तिच्यासमोर, डाव्या नाळेच्या अंगाला, लोखंडी बूम उभा होता.

रेवसच्या जवळ आलो तेव्हा पाण्यावर पातळ धुकं होतं. पुढे उभ्या असलेल्या पोरानं ओरडून काही तरी सांगितलं, मास्तरांनी सुकाणू फिरवलं, आणि लाकूड मोडल्याचा आवाज आला. मोठा नाही. घरात पाट मोडावा, एवढाच.

होडीत दोघं होते. एक म्हातारा नाखवा, एक त्याचा पुतण्या. दोघांना रिंग टाकून वर घेतलं. पुतण्या फक्त भिजला होता. नाखवाचं गळ्याचं हाड मोडलं होतं, हात पोटाशी धरून बसला होता. मी त्याच्या अंगावर गोधडी घातली तर त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मान वर करून तो आमच्या केबिनच्या माथ्यावरची बत्ती बघत होता. डेकवरून ती लख्ख दिसत होती. मग म्हणाला, ‘लाल दिसली मला. वर पांढरी कुठं होती? मी म्हटलं शिडाचा मचवा आहे, दम्मानं येईल.’

नियमांचं पुस्तक त्यानं कधी उघडलं नसेल. पण त्यानं अगदी पुस्तकातलंच वाचलं होतं. खोटं लिहिलं होतं ते आम्ही.

चौकशीत सर्व्हेयरसाहेबांनी फाईल मागितली आणि दुसरं पान मोठ्यानं वाचलं. पांढरी बत्ती मागे ठेवायला परवानगी आहे. मात्र रात्री चालताना बूम घोडीवर टेकवलेला असला पाहिजे. टेकवता येत नसेल तर रात्री निघायचं नाही. तीन ओळी. साहेब ओरडले नाहीत. कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, ‘तू वाच आता.’ मी वाचला. आवाज फुटेना.

आता पोरांनो, ही सूट म्हणजे काय ते ऐका. पहिल्याच नियमात तशी सोय आहे. एखाद्या जहाजाची बांधणी किंवा काम इतकं वेगळं असेल की बत्त्यांची संख्या, जागा, किती लांबून आणि किती अंशांत दिसावं, यातलं काही नियमाबरहुकूम जमणारच नाही, तर त्या देशाचं सरकार ठरवून देतं की नियमाच्या जास्तीत जास्त जवळ जाणारी व्यवस्था कुठली. सरकार, बरं का. मालक नाही, मास्तर नाही, जेटीवरचा सुपरवायझर तर नाहीच. आणि ‘जास्तीत जास्त जवळ’ यातच सगळं आलं. सूट बत्तीच्या जागेला असते. बत्ती न दिसायला सूट नसते.

विमानवाहू जहाज घ्या. ‘विक्रांत’ २६२ मीटर लांब आणि वरचा अख्खा डेक विमानांना धावायला. मधोमध डोलकाठी लावणार कुठे? म्हणून सगळा मनोरा उजव्या कडेला आणि डोलकाठीच्या बत्त्याही त्याच्याबरोबर कडेला. समोरून पाहणाऱ्याला वाटतं, जहाज एवढंच आहे. पण बत्तीपासून जहाजाच्या डाव्या अंगाला आणखी केवढा तरी अंधार त्याच जहाजाचा असतो. पाणबुडीचं उलट. ‘कलवरी’ माझगाव गोदीत बांधली, डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली. लांबी साडेसदुसष्ट मीटर. पन्नास मीटर किंवा जास्त लांबीला दोन पांढऱ्या बत्त्या, मागची पुढचीपेक्षा उंच, असा नियम. त्या दोन एका रेषेत आल्या की जहाज आपल्यावरच येतंय हे कळतं. पण पाणबुडीला मधे एकच मनोरा, तोही बुटका. अशी जहाजं बत्त्यांवरून लहान मचव्यासारखी वाटू शकतात. मुंबई बंदराच्या तोंडाशी काम करणाऱ्यानं हे विसरून चालत नाही. समोरच्याच्या खिशातला सुटीचा कागद तुम्हाला दिसत नसतो. दिसतात त्या बत्त्या. त्यामुळे शंका आली की ते जहाज दिसतंय त्यापेक्षा मोठं आहे असं धरा आणि लांबून जा.

दुसरी एक सबब तुम्हाला जेटीवर ऐकू येईल : ‘बोट जुनी आहे, तिला नवा नियम लागत नाही.’ त्याला विचारा, किती जुनी? जुन्या जहाजांना सवलत होती, पण ज्यांचा कणा १५ जुलै १९७७ च्या आधी घातला त्यांनाच, आणि तीही आधीचे नियम पाळत असतील तर. बत्ती किती लांबून दिसावी आणि रंग कसा असावा, यासाठी चार वर्षं. दीडशे मीटर किंवा त्याहून लांब जहाजांना डोलकाठीच्या बत्त्या हलवायला नऊ वर्षं. त्या मुदती १९८१ आणि १९८६ मध्येच संपल्या. कायमची सूट उरली ती थोडकी, त्यातली एक तर फुटांचे मीटर करताना जागेत पडलेल्या फरकाची. त्या बोटभर फरकावर कोणी अख्खी बत्ती विझवायला निघाला, तर त्याच्याबरोबर रात्री जाऊ नका.

काम करत उभ्या असलेल्या बार्जचं प्रकरण वेगळं, तिथे ‘सूट’ हा शब्दच काढू नका. त्यांना स्वतःच्या बत्त्या आहेत. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याआधी शिवडी-न्हावा पट्ट्यात रात्री अशा बत्त्यांची रांग दिसायची. एकाखाली एक लाल-पांढरी-लाल म्हणजे ‘मला बाजूला होता येत नाही.’ आपली झोळीच ती. गाळ काढायचं किंवा पाण्याखालचं काम असेल तर ज्या अंगाला अडथळा, तिकडे दोन लाल. ज्या अंगानं जायला वाट, तिकडे दोन हिरव्या. हिरव्याकडून जायचं. एवढं पाठ करा, बाकी हळूहळू येतं.

आमच्या बार्जचं पुढे काय झालं ते थोडक्यात. दंड झाला, मास्तरांचं लायसन काही महिने अडकलं, नाखवाला भरपाई मिळाली. त्याचा हात खांद्याच्या वर जात नाही म्हणतात. जाळं ओढणाऱ्या माणसाला ते किती महाग, ते मला विचारू नका. मी दोनदा रेवसला त्याच्या घरी गेलो. पहिल्यांदा त्यानं चहा दिला नाही, दुसऱ्यांदा दिला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय. पॅनेलच्या टिकलीवर मी विश्वास ठेवत नाही. ती बल्ब जळतोय एवढंच सांगते; तो दिसतोय की नाही हे बार्जवर उभं राहून कळतच नाही. डेकवर माल चढला, क्रेन हलली, नवी टाकी बसली, ताडपत्री बांधली, काहीही बदललं की अंधार पडल्यावर एका पोराला छोट्या होडीत बसवायचं आणि बार्जभोवती पूर्ण फेरी मारायला लावायची. दोनशे मीटरवरून, सावकाश. त्यानं वॉकीटॉकीवर नुसतं बोलत राहायचं : ‘लाल-पांढरी, लाल-पांढरी, दोन्ही रंग, हिरवी-पांढरी…’ जिथे तो अडखळेल तिथे गडबड. बल्ब बदलायचा तर बत्तीवर लिहिलेलाच घालायचा. बाजारातली स्वस्त एलईडी लाल काचेमागे टाकली की ती लांबून नारिंगी दिसू शकते. आणि सुटीचा कागद असेल तर दोन्ही पानं भिंतीवर. आमच्याकडे आता दुसरं पान वर आहे, पहिलं त्याच्या खाली.

गेल्या महिन्यात वाडीतलाच एक नवा पोरगा फेरीला पाठवला होता. पहिली रात्र, त्यामुळे आवाज जरा मोठाच. लाल-पांढरी, हिरवी-पांढरी झालं, मागे वळला आणि गप्प. मी विचारलं, ‘काय रे?’

‘काका, मागं काहीच नाय. नुसता काळोख.’

‘टिकली तर पेटलीय.’

‘पेटूंद्या. मला दिसत नाय.’

मी टॉर्च घेऊन मागे गेलो. कोणी तरी बत्तीच्या कठड्यावर लुंगी वाळत घातली होती.