लांबलेली थंडी आणि उन्हाळी भाजीपाल्याची पेरणी

संक्रांत उलटली की हैदराबादेच्या आसमंतात उन्हाळी भाजीपाल्याच्या लागवडीची सिद्धता सुरू होते. परंतु ज्या वर्षी उत्तरेकडील शुष्क वारे माघ लागला तरी हटत नाहीत, त्या वर्षी शमशाबाद, चेवेळ्ळा, इब्राहिमपट्टणम या भागांतील बागायतदारापुढे भेंडी, काकडी, दोडक्याचे बी आताच टाकावे की थांबावे, असा पेच पडतो. थांबणे नेहमीच निर्धोक, हा रूढ समज आम्हांस अर्धाच खरा वाटतो. येथील थंडी अल्पायुषी आणि तिच्या पाठोपाठ येणारा उन्हाळा निष्ठुर. मार्चमध्येच कमाल तापमान ३५ अंश ओलांडते, वेलांवर नरफुलांचेच प्राबल्य होते, पांढरी माशी भेंडीवर केवडा रोग पसरविते आणि कूपनलिकांचे पाणीही नेमके त्याच सुमारास खोल जाते. उशिराचा दंड असा दुसऱ्या टोकाला भरावा लागतो.

महाशिवरात्रीला थंडी जाते, हा हिशेब मराठी आणि तेलुगू रयत सारख्याच श्रद्धेने मांडते. परंतु ही तिथी कधी फेब्रुवारीच्या मध्यावर, तर कधी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येत असल्यामुळे तिच्यावर पेरणी सोपविणे इष्ट नव्हे. खरा निवाडा मातीकडे मागावा. निजामी अमदानीतील महसुली दफ्तरांत खुश्की (कोरडवाहू), तरी (ओलिताची) आणि बागायत अशी जमिनीची प्रतवारी असे. प्रस्तुत प्रश्नी मात्र महत्त्व आहे ते जमिनीच्या पोताला. तांबडी, वाळूमिश्रित चलका जमीन निचऱ्याची असल्याने चार उन्हांत तापते. काळी रेगडी ओल धरून ठेवते, म्हणून उशिरा तापते, आणि तिच्यात घाईने टाकलेले बी उगवण्यापूर्वीच कुजते. सकाळी सातच्या सुमारास बोटभर खोलीवर तापमापक रोवावा. पारा सलग चार-पाच दिवस १८ अंशांच्या खाली गेला नाही, तर पेरणीस हरकत नाही, कारण दुपारी तीच माती पुष्कळ अधिक तापलेली असते. वारा पूर्वेकडून वा आग्नेयेकडून वाहू लागून आकाशात अभ्रे दिसू लागली, म्हणजे रात्रीचा गारठा ओसरतो, ही खूणही ध्यानी ठेवावी. शहरातील बेगमपेठ वेधशाळेच्या तापमानावर विसंबू नये. मोकळ्या शिवारात रात्री याहून बऱ्याच गार असतात.

ज्यांना बोवेनपल्लीच्या बाजारातील आरंभीचा भाव साधावयाचा आहे, त्यांनी शेतात बी न टाकता काकडी, दोडका, कारले यांची रोपे पॉलिथीनच्या पिशव्यांत, आडोशाच्या जागी वाढवावी व दोन खरी पाने फुटताच लावावी. याने थंडीचे दोन आठवडे वाया जात नाहीत. भेंडी मात्र पुनर्लागवड सहसा मानवून घेत नाही. तिचे बी रात्रभर भिजवून, उथळ टोकून, पाणी बेताने द्यावे. रिकाम्या वाफ्यांत तोवर मेथी, पालक, कोथिंबीर घ्यावी. त्यांना हाच गारवा मानवतो.

आमचे मत असे, की चलका जमिनीत जानेवारीअखेर आणि रेगडीत फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी उरकावी. त्यापलीकडे केवळ गारठ्याच्या धास्तीने थांबू नये. हवामानखात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होतो. बियाण्याची पिशवी फोडण्यापूर्वी तो अवश्य पाहावा.