जातिवंत घोड्याची पारख

दिवाळी सरली म्हणजे भोरच्या वाटेने कोकणात उतरणारे धनगरांचे वाडे आपल्या खेड्यांवरून जाताना आपण पाहतो. पुढे मेंढरांचा कळप, मागे बायामाणसे आणि त्यांच्या मध्ये चारदोन घोड्या. घोडीच्या पाठीवर वाघरी, भांडीकुंडी, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि सर्वांच्या वर पाय बांधलेल्या कोंबड्या. ‘धनगराचे तट्टू’ एवढेच म्हणून आपण आपल्या कामास लागतो. परंतु त्या तट्टाच्या अंगात काय आहे, हे जाणून घेणे आपल्या हिताचे आहे.

भाटघरास 1928 साली पुऱ्या झालेल्या धरणात येळवंडीचे पाणी साठते, व तेथून ते नीरेस मिळते. नीरा पुढे नरसिंहपुराजवळ भीमेस मिळते. ह्या दोन नद्यांच्या थडीवर निपजणाऱ्या घोड्यांस पूर्वी नीरथडी व भीमथडी अशी नावे होती. आपल्याकडील काटक घोड्या आणि समुद्रापलीकडून आलेले अरबी व तुर्की घोडे ह्यांच्या संकरातून ही पैदास झाली. म्हणून प्रथम अरबी घोड्याचा विचार करू.

अरबी घोडा मोठा कशाने झाला? वाळवंटात चारा थोडा, पाणी दूर आणि मजल लांब. दुबळे जनावर तेथे आपोआप गळून पडे. बेदुईन लोक लढाईस बहुधा घोडीच नेत, तिला तंबूजवळ बांधीत, आणि चारा नसेल तेव्हा उंटिणीचे दूध पाजीत. वंश ते आईकडून मोजीत. कुहैलान, सकलावी, अबयान, हमदानी व हदबान ही पाच घराणी विशेष प्रसिद्ध आहेत. 1878 साली इंग्लंडात क्रॅबेट येथे अरबी घोड्यांची पैदास सुरू करणाऱ्या लेडी अ‍ॅन ब्लंट व त्यांचे पती हे स्वतः त्या वाळवंटात हिंडले आणि बेदुईनांपासून ही विद्या शिकले. सारांश, त्या घोड्याची कीर्ती दोन गोष्टींवर उभी राहिली: कठीण कसोटी आणि मायेची निगा.

आता पारख. अरबी घोड्याचे कपाळ रुंद, डोळे मोठे व खाली बसविलेले, नाकपुड्या पसरट, तोंडाचा शेवट निमुळता, पाठ आखूड आणि शेपटीचा उगम उंच असतो. उंची बहुधा 14 ते 15 मुठी. परंतु ही केवळ शोभेची चिन्हे नव्हत. रुंद नाकपुडीने दौडीत श्वास पुरतो व आखूड पाठ ओझे पेलते. ज्याने गुण सोडून केवळ चिन्ह धरले, तो फसतो. कित्येक देशांत प्रदर्शनाच्या हौसेने नाकाची बाक अधिकाधिक खोल करण्याकडे पैदासकारांचा ओढा झाला, आणि पाय व छाती ह्यांकडे दुर्लक्ष झाले. शिवाय काही अरबी वंशांत एक दोष गुप्तपणे वाहतो. तो आईबाप दोघांतही असला, तर सरासरी चार शिंगरांपैकी एकास रोगाशी झुंजण्याची शक्तीच मिळत नाही, व ते काही महिन्यांत दगावते. आईबाप मात्र दिसावयास निरोगी असतात. आज हा दोष रक्ताच्या वा केसांच्या तपासणीने आधीच ओळखता येतो. म्हणून वंशावळीचा कागद सोन्याचा असला तरी तपासणी टाळू नये.

आपल्याकडेही अशीच चूक होते. गिऱ्हाईक घोड्याचे भोवरे मोजते, गोम कोठे आहे ते पाहते, पण टाप उचलून पाहत नाही. भोवऱ्याने घोडा चालत नाही. तो टापेने चालतो.

निगेवाचून उत्तम जनावरही मातीमोल होते, ह्यास इतिहास साक्षी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेला प्रवासी मार्को पोलो सांगतो की, ठाण्याच्या राजाने चाच्यांशी करार केला होता: लुटीतील इतर माल त्यांचा, पण घोडे राजाचे. एवढी घोड्यांची गरज! आणि तोच लिहितो की, दक्षिणेत दरसाल विकत घेतलेले पुष्कळ घोडे जाणत्या माणसांच्या अभावी मरत. पुढे पोर्तुगीजांनी गोव्यातून हा व्यापार चालविला, आणि एकोणिसाव्या शतकात बसरा व कुवेत येथून गलबतांनी येणाऱ्या घोड्यांची मुंबई ही मोठी पेठ झाली.

शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था ह्याच्या उलट होती. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि त्या प्रत्येक तुकडीस एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि टाप, ह्या दोहोंची तजवीज आधी! अशा शिस्तीत वाढलेल्या सैन्याच्या टापा 1758 साली अटकेपर्यंत पोहोचल्या.

मग हा घोडा मागे का पडला? मराठी राज्य गेले आणि पागा मोडल्या. इंग्रज सरकारने शिरूर तालुक्यात आळेगाव येथे 1827 ते 1842 पर्यंत पैदाशीची पागा चालविली, पण ती बंद झाली. 1876-77 च्या दुष्काळाने उरलीसुरली जनावरे खाल्ली. तरी वंश बुडाला नाही, कारण धनगरांस त्याची गरज होती. दरसाल घाट उतरणे व चढणे ही त्याची कसोटी चालूच राहिली. दरबाराने सोडलेला घोडा मेंढपाळाने जगविला! 2023-24 ह्या वर्षात भीमथडीस सरकारी रीतीने स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली.

परंतु मान्यतेने वंश टिकत नाही. सारंगखेड्याच्या बाजारात उंच, देखण्या घोड्यास भाव येतो, हे पाहून आपल्या चांगल्या घोडीस कोणताही उंच नर दाखविण्याचा मोह होतो. शिंगरू दिसावयास थोराड होईलही. पण ते घाट चढेल काय, थोड्या चाऱ्यावर राहील काय, हा प्रश्न आहे. एक पिढी अशी गेली, तर जे शेकडो वर्षांत घडले ते पुन्हा विकत मिळणार नाही.

म्हणून ज्यांच्या दारी अशी घोडी आहे त्यांस आमची सूचना अशी. नर तिच्याच जातीचा, पायाने निर्दोष व स्वभावाने शांत असा पाहावा. घोडी पुरती वाढण्यापूर्वी, म्हणजे तीन वर्षांच्या आत, फळवू नये. गाभण काळ सुमारे अकरा महिन्यांचा. त्यातील शेवटचे तीन महिने जड ओझे लादू नये. शिंगरू जन्मताच पहिल्या काही तासांत त्यास आईचा चीक मिळालाच पाहिजे, कारण रोगाशी झुंजण्याचे पहिले बळ त्यातूनच येते. आणि कोणत्या घोडीस कोणत्या नरापासून कोणते शिंगरू झाले, हे वहीत लिहून ठेवावे. बेदुईन हे सर्व तोंडपाठ ठेवीत. आपल्याजवळ तर पाटी-पेन्सिल आहे.

पुढल्या खेपेस धनगराचा वाडा भाटघरावरून जाईल, तेव्हा वाचकांनी क्षणभर थांबावे, आणि घोडीच्या पाठीवरील ओझ्याकडे न पाहता तिच्या पायांकडे पाहावे.