आपल्या सोयीचे खोटे



सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात रोम व पश्चिमेकडील प्रदेश परमगुरू सिल्व्हेस्टर यांना दान दिले, असे सांगणारा दस्तऐवज ख्रिस्तसभेत शतकानुशतके खरा मानला जाई. १४४० साली लोरेन्झो वाल्ला या विद्वान धर्मगुरूंनी तो तपासला. भाषा त्या काळची आहे का? त्या काळच्या इतिहासकारांना हे ठाऊक आहे का? सत्ता खरोखर दुसऱ्याच्या हाती गेली का? तिन्हींचे उत्तर 'नाही' आले. कागद बनावट होता.

येथे तर्काची एक चूक टाळू या. पुरावा खोटा ठरला म्हणून परमगुरूपद खोटे ठरत नाही. ते त्या कागदावर उभे नव्हतेच. पुढे परमगुरू पाचवे निकोलस यांनी वाल्लांना आपल्या सेवेत घेतले.

विरोधकाचे खोटे आपण चटकन ओळखतो. आपल्या सोयीचे मात्र तपासतही नाही. मोबाइलवर आलेला, आपल्या समाजाची बाजू घेणारा संदेश पुढे पाठवण्यापूर्वी आपण हेच प्रश्न विचारतो का? आठव्या आज्ञेपुढे आपल्या बाजूने दिलेली खोटी साक्षही खोटीच असते.