पुरोगामी, पुराणमतवादी आणि प्रतिगामी : अर्थ व वापर



निवडणुका आल्या की 'प्रतिगामी' हा शब्द भाषणांतून आणि मोबाईलवरून थेट वर्गात येतो. मुलं तो चिडवायला वापरतात. अर्थ विचारा, "वाईट माणूस" एवढंच सांगतील.

आधी फोड करून घ्या. गामी म्हणजे जाणारा. दूरगामी, अनुगामी हे शब्द मुलांना माहीत असतात. प्रतिगामी म्हणजे उलट, मागे जाणारा. पुरोगामी म्हणजे पुढे जाणारा. इथे मुलं हमखास फसतात, कारण त्यांना 'पुरो'मध्ये 'पुराण' ऐकू येतं. पुराण म्हणजे जुनं. पुरः म्हणजे पुढे. पुरोहित या शब्दातही हाच पुरः आहे, हे सांगितलं की मुलं हसतात आणि शब्द पक्का होतो.

'उदारमतवादी'चंही तसंच. हा उदार म्हणजे वर्गणी देणारा नव्हे. व्यक्तीचं स्वातंत्र्य, विचाराची मोकळीक आणि कायद्यापुढे सगळे सारखे, असं मानणारा तो उदारमतवादी. त्याच्या विरुद्ध बाजूला आपण दोन शब्द सरसकट वापरतो, पण ते एक नाहीत. पुराणमतवादी म्हणतो, चाललंय ते घाईने मोडू नका. प्रतिगामी म्हणजे मिळालेला हक्क काढून घेऊन मागे नेऊ पाहणारा. इंग्लंडमध्ये तर पहिल्या अर्थाचं नाव एका मोठ्या पक्षाने स्वतःच घेतलंय. आपली वर्तमानपत्रं त्याला हुजूर पक्ष म्हणत. स्वतःला प्रतिगामी म्हणवणारा मात्र सहसा सापडत नाही. तो शब्द नेहमी दुसऱ्यासाठीच असतो, म्हणून जपून वापरायचा.

आपल्या काटेवाडीचंच घ्या. तुकोबांची पालखी आली की परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. प्रथा जुनी आहे. ती जपणारा प्रतिगामी का? कुणाचा हक्क जातो त्यात? कुणाचाच नाही.

आता अवघड उदाहरण. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि मुलींचं संमतिवय १० वरून १२ झालं. आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आमच्या समाजात कायद्याने ढवळाढवळ करू नये, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे राजकारणात जहाल असलेले टिळक इथे सनातन्यांच्या बाजूला दिसतात, आणि राजकारणात मवाळ असलेले रानडे सुधारकांच्या. मग टिळक प्रतिगामी होते का? हा प्रश्न मुलं विचारतातच. उत्तर द्यायची घाई करू नका. "कोणत्या बाबतीत?" असं उलट विचारा. माझ्या मते या एका प्रश्नात धड्याचं निम्मं काम होतं.

पाटीवरच्या नावाने तर अजिबात ठरवू नये. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार मुख्यमंत्री झाले ते पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे. त्यात शेतकरी कामगार पक्ष होता, तसाच जनता पक्षही होता, आणि त्या जनता पक्षात पूर्वीच्या जनसंघाचे लोक होते, ज्यांना विरोधक प्रतिगामी म्हणत. नाव एक, आत माणसं नाना मतांची. (काटेवाडीत हे उदाहरण देताना आवाज जरा सांभाळा, प्रत्येक घरात मत तयार असतं!)

उपक्रम : सहावी-सातवीच्या फळ्यावर तीन वाक्यं लिहा.

"पालखीच्या पायघड्या बंद करू नका."
"बालविवाहाची बंदी उठवा."
"मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा हवा, पण कायद्याची घाई नको."

पहिल्या दोन वाक्यांना वेळ लागत नाही. तिसऱ्यावर वर्गात दोन तट पडतात. पडू द्या, दोन्हीकडून कारणं येऊ द्या. मग सांगा की हिंदू कुटुंबांसाठी आपल्या राज्याने हा कायदा १९९४ मध्येच केला. आणि घरच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, ते दुसऱ्या दिवशी बघून यायला सांगा.