जुन्या संगणकास नवी गती

संगणक सुरू होण्यास विलंब लागू लागला की तो कालबाह्य झाला, असा समज होतो. वस्तुतः अनेकदा कारण हार्ड डिस्क हे असते. तिच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि माहिती वाचणारे शीर्ष सतत हलत राहते. सॉलिड स्टेट ड्राइव्ह अर्थात एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने हा विलंब टळतो.

परंतु वर्षानुवर्षांचे हिशेब ज्या प्रोग्रॅममध्ये आहेत, ते नव्या ड्राइव्हवर कसे न्यावेत? केवळ फोल्डरची नक्कल पुरत नाही. प्रोग्रॅमच्या अनेक नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत असतात. म्हणून संपूर्ण डिस्कची प्रतिकृती, म्हणजेच क्लोनिंग, करावे लागते.

प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकर सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. वापरलेली जागा एसएसडीत मावते का, हे पाहावे. मग एसएसडी यूएसबी अडॅप्टरने जोडून क्लोनिंग सॉफ्टवेअर चालवावे. येथे मूळ व नवी डिस्क यांची अदलाबदल झाल्यास सर्व माहिती पुसली जाते. निवड दोनदा तपासावी. त्यानंतर संगणक बंद करून एसएसडी जुन्या डिस्कच्या जागी बसवावी. काही प्रोग्रॅमचा परवाना पुन्हा सक्रिय करावा लागू शकतो.

काही दिवस काम सुरळीत चालेपर्यंत जुनी डिस्क जपावी. पुढे भंगारात देण्यापूर्वी ती पूर्णतः पुसून घ्यावी. फायली केवळ डिलीट केल्याने माहिती नष्ट होत नाही. पासबुकाइतकीच तीही गोपनीय मानावी.