प्रतिजैविके आणि पोटाचे जुनाट विकार : एक अभ्यास

जमाखर्चाची पत्रके वाचताना औषध खरेदीच्या रकमेशी बहुतेक वाचक क्षणभर थांबतात. त्या रकमेतील मोठा वाटा प्रतिजैविकांचा, म्हणजे बोलीभाषेत ज्यांना आपण अँटिबायोटिक म्हणतो त्या औषधांचा असतो. ही औषधे किती रुपयांची आली हे पत्रकात दिसते. रुग्णाच्या पोटात गेल्यावर त्यांचे पुढे काय होते, हे कोणत्याही पत्रकात मांडता येत नाही. पोटाच्या जुनाट विकाराने त्रस्त असलेल्या रुग्णांचे नातेवाईक आमच्या कार्यालयात बिल भरावयास येतात तेव्हा पुष्कळदा एकच प्रश्न विचारतात : मागे घेतलेल्या त्या जालीम औषधांनीच पोट कायमचे बिघडले असेल का? या प्रश्नाचे उत्तर सरळ होकारात नाही आणि सरळ नकारातही नाही. आम्ही वैद्य नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. प्रस्तुत लेखातील वैद्यकीय भाग आमच्या पोटविकारतज्ज्ञांनी वाचून दिलेला आहे. उपमा आणि तक्रारी मात्र आमच्या.

प्रथम या औषधांचे ऋण मान्य केले पाहिजे. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन आपल्याच मातीत तयार होऊ लागले. त्याआधी न्यूमोनिया, बाळंतपणानंतरचा ताप किंवा चिघळलेली साधी जखम यांनी घरेच्या घरे कशी उजाड होत, हे जुन्या पिढीतील देणगीदारांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असेल. इतकेच नव्हे, तर पोटाचा एक जुनाट विकार प्रतिजैविकांमुळेच आटोक्यात आला. जठरातील व्रण म्हणजे तिखट खाण्याचे आणि काळजी करण्याचे फळ, असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी त्यामागे ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ नावाचा जिवाणू असल्याचे दाखविले. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः प्राशन करून जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. वर्षानुवर्षे पथ्य पाळणारे आणि शस्त्रक्रियेला सामोरे जाणारे रुग्ण त्यानंतर दोन आठवड्यांच्या औषधांनी बरे होऊ लागले. तेव्हा ज्यांना प्रतिजैविके म्हणजे विषच वाटते, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही.

आता दुसरी बाजू. आपल्या शरीरात जितक्या पेशी आहेत, साधारण तितकेच जिवाणू आपल्यात वस्तीला आहेत आणि त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात. ते फुकट राहत नाहीत. आपल्याला न पचणारा चोथा आंबवून ते जी आम्ले तयार करतात, त्यांवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. काही जीवनसत्त्वे ते बनवितात आणि उपद्रवी जिवाणूंना जागा मिळू देत नाहीत. घरातील विरजण जसे रोज जपावे लागते, तसाच हा प्रकार आहे. प्रतिजैविकाला मात्र घुसखोर कोण आणि जुना भाडेकरू कोण हे ओळखता येत नाही. घशासाठी घेतलेली गोळीही वाटेत आतड्यातील वस्ती उठवूनच जाते.

ही वस्ती पुन्हा बसते का? २००८ साली अमेरिकेत तीन निरोगी व्यक्तींना सिप्रोफ्लोक्सॅसिन देऊन त्यांच्या मलाची तपासणी करण्यात आली. चार आठवड्यांत बहुतेक जिवाणू परतले, पण काही जाती सहा महिन्यांनंतरही परतल्या नव्हत्या. २०१८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी बारा निरोगी पुरुषांना तीन प्रबळ प्रतिजैविके चार दिवस दिली. सुमारे दीड महिन्यात वस्ती बरीचशी पूर्ववत झाली, तरी प्रत्येकात पूर्वी आढळलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनीही बहुतेकांत सापडल्या नाहीत. अभ्यासलेल्या व्यक्ती थोड्या असल्या, तरी दोन्ही अभ्यासांचा सूर एक आहे : परतफेड होते, पण पूर्ण होतेच असे नाही.

या बिघाडातून रोग होऊ शकतो, हे एका बाबतीत निर्विवाद सिद्ध झालेले आहे. ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’ हा जिवाणू काहींच्या आतड्यात उपद्रव न देता असतो, रुग्णालयाच्या वातावरणातही असतो. प्रतिजैविकांनी शेजारी उठून गेले की तो फोफावतो आणि त्याच्या विषाने तीव्र जुलाब व आतड्याचा दाह होतो. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या या गंभीर दाहामागे हाच जिवाणू आहे, हे १९७८ साली उघड झाले. पुढील पुरावा तर ऐकणाऱ्याला किळस आणणारा, पण बिनतोड आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात हा आजार पुनःपुन्हा होणाऱ्या सोळा रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या मलाचा द्राव नळीवाटे सोडण्यात आला. एकाच वेळच्या उपचाराने तेरा जण बरे झाले. ज्या तेरा रुग्णांना केवळ नेहमीचे औषध दिले, त्यांतील चारच बरे झाले. फरक इतका मोठा होता की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. उठलेली वस्ती पुन्हा बसविली आणि रोग गेला, म्हणजे रोगाचे मूळ तेथेच होते.

जुनाट विकारांविषयी मात्र असे ठामपणे बोलता येत नाही, आणि येथेच वाचकांनी थोडा धीर धरावा अशी विनंती आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे दोन आजार. शौचावाटे रक्त, पोटात कळा, वजन घटणे अशी त्यांची लक्षणे असतात. स्वीडनमध्ये या आजारांच्या सुमारे चोवीस हजार नव्या रुग्णांची तुलना निरोगी व्यक्तींशी करण्यात आली. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्वी प्रतिजैविके घेतलेल्यांत आजाराची शक्यता जवळजवळ दुप्पट दिसली. परंतु त्याच रुग्णांची तुलना त्यांच्या सख्ख्या भावंडांशी केली, तेव्हा ही वाढ सुमारे एकतृतीयांशावर आली. एका घरातील मुलांचे रक्त, अन्न आणि पाणी बरेचसे सारखे असल्याने, पहिल्या आकड्यातील मोठा भाग औषधाच्या नव्हे तर घराण्याच्या खात्यावर मांडावा लागेल. उरलेला भाग दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

डेन्मार्कमध्ये त्याहून मोठा अभ्यास झाला. २००० ते २०१८ या काळातील दहा वर्षांवरील एकसष्ट लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. औषधांचे जितके अधिक वेढे, तितकी आजाराची शक्यता अधिक. चाळिशीनंतर ही वाढ जास्त. आणि औषध घेतल्यापासून एक ते दोन वर्षांत सर्वाधिक. औषधांमध्ये मेट्रोनिडॅझोलचा वर्ग आणि सिप्रोफ्लोक्सॅसिनचा वर्ग यांचा संबंध सर्वांत दाट आढळला. लघवीच्या जंतुदोषावर दिल्या जाणाऱ्या नायट्रोफ्युरँटॉइनचा संबंध आढळला नाही, आणि ते औषध आतड्यातील जिवाणूंना फारसा धक्का लावत नाही.

हिशेब तपासनिसाच्या सवयीने येथे एक शंका येते. आमच्या फाटकाबाहेरील टपरीवर चहाचा खप आणि आतील खाटांवरील भरती एकाच वेळी वाढते. म्हणून चहाने माणसे आजारी पडतात असे कोणी म्हणणार नाही. क्रोन्सचा आजार ओळखला जाण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे रुग्णाला जुलाब आणि पोटदुखी होतच असते. तो डॉक्टरांकडे जातो, त्यांना जंतुसंसर्ग वाटतो आणि नेमकी मेट्रोनिडॅझोल किंवा सिप्रोफ्लोक्सॅसिनच लिहून दिली जाते. नंतर निदान झाले की नोंदीत औषध आधी आणि रोग मागाहून दिसतो. प्रत्यक्षात रोगामुळेच औषध आलेले असू शकते. संशोधकांनी निदानाच्या लगतपूर्वीचा काळ वगळून ही शंका कमी करण्याचा प्रयत्न केला आहे, पण ती समूळ गेलेली नाही. शिवाय आशियातील काही देश व ऑस्ट्रेलिया मिळून झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आशियाई लोकांत चित्र उलटे निघाले : लहानपणी प्रतिजैविके घेतलेल्यांत हे आजार कमी आढळले. युरोपचा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या अंगणात आणून लावता येत नाही, तो यामुळे.

वारंवार शौचाला लागणे, पोट फुगणे, मळमळ, आणि सर्व तपासण्या मात्र निर्दोष, असे ज्यांचे होते (इरिटेबल बॉवेल), त्यांच्याविषयी एवढे सांगता येईल की जुलाबाच्या तीव्र आजारानंतर साधारण दहातील एकाला हा त्रास मागे राहतो, आणि त्या आजारात प्रतिजैविके घेतलेल्यांत तो अधिक आढळतो. येथेही आजार तीव्र म्हणून औषध, की औषधामुळे पुढचा त्रास, हा गुंता आहेच.

आपल्याकडील परिस्थितीला आणखी एक पदर आहे, आणि तो कोणीही नजरेआड करू नये. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे दोन आजार दुर्बिणीतून पाहिले तरी इतके सारखे दिसतात की अनुभवी तज्ज्ञांनाही काही वेळा क्षयाची औषधे देऊन परिणाम पाहावा लागतो. ती औषधेही प्रतिजैविकेच. हा लेख वाचून एखाद्या रुग्णाने क्षयाचा औषधक्रम अर्धवट सोडला, तर हा लेख न छापलेला बरा. विषमज्वर, पटकी, शौचावाटे रक्त व ताप असणारी हगवण, रक्तातील जंतुदोष यांनाही हेच लागू आहे. तेथे प्रतिजैविक जीव वाचवते आणि पुढे पोट बिघडण्याची भीती त्या तुलनेत क्षुल्लक ठरते.

आमचा आक्षेप आहे तो निराळ्या गोळीला. ‘जुलाबाची गोळी द्या’ म्हटल्यावर मेडिकलच्या दुकानातून पुष्कळदा जी मिळते, तिच्यात वर सांगितलेल्या दोन्ही वर्गांतील औषधे एकत्र असतात. मुलांचे जुलाब बहुधा विषाणूंचे असतात आणि विषाणूंवर ती गोळी काहीही करीत नाही. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि पाणी यांच्या मिश्रणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. हेच मिश्रण आणि जोडीला जस्ताच्या गोळ्या, ही २००४ पासून जागतिक आरोग्य संघटनेची मुलांसाठी शिफारस आहे. नातेवाइकांना मात्र ते औषध वाटत नाही. सलाईन लागली नाही आणि जालीम गोळी मिळाली नाही, तर धर्मादाय रुग्णालयाने गरिबाला स्वस्तात वाटेला लावले, अशी भावना होते. ही तक्रार आमच्या तक्रारवहीत आढळते आणि तिच्यातील दुःख आम्हांस कळते. प्रतिजैविकासोबत ‘चांगल्या जिवाणूंची’ कॅप्सूल घेतली की हिशेब चुकता झाला, असेही पुष्कळ समजतात. २०१८ साली इस्रायलमध्ये थोड्या निरोगी व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात अशा कॅप्सूलमुळे मूळ वस्ती परतण्यास उलट विलंब लागलेला दिसला.

विश्वस्त व देणगीदारांसाठी आता थोडे व्यवहाराचे. प्रतिजैविके कमी खपली की रुग्णालयाच्या औषध दुकानाचे उत्पन्न घटते, हे लपविण्याचे कारण नाही. दुसरीकडे, उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन व दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. त्या निधीतून घेतलेले प्रत्येक अनावश्यक इंजेक्शन दुसऱ्या कोणाच्या तरी आवश्यक औषधातून वजा होते. योग्य औषध निवडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे कल्चर तपासणी : नमुन्यातील जिवाणू वाढवून त्यावर कोणते औषध चालते ते पाहणे. तिला दोन-तीन दिवस लागतात, कुशल तंत्रज्ञ लागतो आणि तिच्यातून मिळकत नगण्य. देणगीदाराच्या नावाची पाटी डायलिसिसच्या यंत्रावर शोभते. कल्चरच्या काचेच्या बशीवर नाव कोरता येत नाही. तरीही या विभागासाठी देणगी द्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

नातेवाइकांकडे मागणे याहून सोपे आहे. पोटाच्या विकारासाठी येताना मागील दोन वर्षांतील औषधांच्या चिठ्ठ्या आणि असतील ती रिकामी पाकिटे सोबत आणावीत, पिशवीभर असली तरी संकोच करू नये. चिठ्ठ्या हरवल्या असतील तर जेथून औषध घेतले त्या दुकानात चौकशी करावी. मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीतील प्रतिजैविकांची नोंद रुग्णाच्या व डॉक्टरांच्या नावासह वहीत करून ती तीन वर्षे जपणे दुकानदारांवर बंधनकारक आहे. केसपेपर काढताना खिडकीवरील कर्मचारी याविषयी विचारील. मागे रांग मोठी असली, तरी आठवून सांगावे.