हळदीची पारख व गुणांकन

हिंगोली जिल्ह्यातील पाचही तालुक्यांत हळदीचे पीक घेतले जाते. लागवडीपासून काढणीपर्यंत साडेआठ ते नऊ महिने, त्यानंतर शिजवणे, वाळवणे व पॉलिश करणे, इतका खटाटोप करून शेतकरी आपला माल हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात अथवा वसमतच्या बाजारात आणतो. तेथे खरेदीदार ढिगातून मूठभर हळकुंडे उचलतो, एखादे मोडून पाहतो, नाकाशी धरतो आणि बोली बोलतो. वर्षाच्या श्रमाचे मोल असे काही क्षणांत ठरते. या क्षणांत खरेदीदार नेमके काय पाहतो, हे ज्या शेतकऱ्यास ठाऊक नाही, त्यास मिळालेला भाव रास्त की अपुरा हे सांगता येत नाही. म्हणून हळदीची पारख करण्याची रीत शेतकऱ्याने स्वतः शिकून घेणे अगत्याचे आहे.

प्रांताचे नाव व मालाचा गुण

हळद प्रांताच्या नावाने ओळखली जाते. केरळातील अलेप्पीची हळद गडद नारिंगी रंगाची असून तिच्यात कुरकुमीन हे रंगद्रव्य साधारणतः ५ टक्क्यांच्या पुढे असते. मेघालयातील जैंतिया टेकड्यांवरील लाकाडोंग हळदीत ते सुमारे ७ टक्के आढळते. तमिळनाडूतील इरोडची हळद त्या मानाने फिकट सोनेरी, तरीही तिची बाजारपेठ मोठी आहे. ओडिशातील कंधमालची हळद डोंगराळ भागातील आदिवासी शेतकरी पिकवितात. इरोड व कंधमाल या दोहोंस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या राज्यात सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये, तर वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये हा मान लाभला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भौगोलिक मानांकन माल कोठला आहे हे सांगते. समोरच्या पोत्यातील माल कसा आहे हे त्यावरून कळत नाही. आपल्याकडे प्रामुख्याने घेतली जाणारी सेलम ही जातच मुळी तमिळनाडूतील गावाचे नाव धारण करते. आपल्या भागातील बराच माल सांगलीच्या पेठेतही जातो. तेव्हा नाव आणि गुण यांची गाठ नेहमीच पक्की असते असे समजू नये. उत्तम जातीचे बेणे लावूनही शिजवण बिघडल्यास माल हलका ठरतो, आणि साध्या शेतातील नीट शिजवलेली, नीट वाळवलेली हळद नामांकित हळदीच्या तोडीस उतरते.

नाव झाकून परीक्षा

नावाचा प्रभाव जाणकारांवरही कसा पडतो, याचे उदाहरण द्राक्षांपासून होणाऱ्या वाईनच्या व्यवसायात पाहावयास मिळते. फ्रान्सची वाईन जगात श्रेष्ठ, असा समज पूर्वापार रूढ होता. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे फ्रेंच व अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या वाईन बाटल्यांवरील नावे झाकून नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवण्यात आल्या. प्रत्येकाने २० पैकी गुण दिले. बेरीज झाली तेव्हा तांबड्या व पांढऱ्या या दोन्ही प्रकारांत कॅलिफोर्नियाची वाईन पहिली आली. नावे उघडी असती तर असा निकाल लागणे कठीण होते. नाशिकच्या परिसरात हा व्यवसाय वाढीस लागला असून तेथेही चव, वास व रंग यांना गुण देऊन मालाची प्रत ठरविण्याची पद्धत परिचयाची झाली आहे. हीच पद्धत हळदीस लावता येते, आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

नमुने कसे घ्यावेत

गावातील पाच-सहा शेतकऱ्यांनी आपापल्या मालाचे नमुने एकत्र आणावेत. शक्य असल्यास सांगली, इरोड वा अन्य भागातील एखादा नमुनाही मिळवून त्यांत मिसळावा. प्रत्येक पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागातून थोडी थोडी हळकुंडे काढून ती एकत्र करावीत. वरचीच निवडक हळकुंडे घेतल्यास परीक्षेस अर्थ उरत नाही. जेठे गड्डे व हळकुंडे यांचे नमुने वेगळे ठेवावेत. सर्व नमुने सारख्या ताटल्यांत ठेवून त्यांस फक्त क्रमांक द्यावेत. कोणता क्रमांक कोणाचा, याची नोंद परीक्षेत भाग न घेणाऱ्या एका व्यक्तीकडे असावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने हे काम स्वतःकडे घ्यावे.

परीक्षा सकाळी, सावलीत पण भरपूर उजेडात करावी. परीक्षकाने त्यापूर्वी पान, तंबाखू वा चहा घेऊ नये. एका बैठकीत सहापेक्षा अधिक नमुने चाखू नयेत. जीभ व नाक थकले की भेद कळेनासा होतो.

वीस गुणांची पद्धत

मोडणी व कोरडेपणा, ४ गुण : चांगले वाळलेले हळकुंड हाताने मोडताना खणखणीत आवाज करते. वाकले अथवा चिवट लागले तर ओल शिल्लक आहे असे समजावे. अन्नसुरक्षा मानकांनुसार अखंड हळदीत १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असता कामा नये.

आतील रंग, ५ गुण : रंग सालीवर पाहू नये, मोडलेल्या तोंडावर पाहावा. तो मध्यापासून कडेपर्यंत एकसारखा असावा. मध्ये एक छटा व कडेला दुसरी दिसल्यास शिजवण असमान झाली आहे.

वास, ५ गुण : हळकुंड ताजे कुटून लगेच वास घ्यावा. हळदीचा सुवास तिच्यातील उडनशील तेलामुळे येतो. कुबट, धुरकट अथवा बुरशीचा वास आल्यास गुण कापावेत.

चव, ३ गुण : चिमूटभर ताजी पूड कोमट पाण्यात ढवळून घोटभर तोंडात घोळवावी व थुंकून टाकावी. किंचित कडवट, किंचित तिखट व मातीच्या सुवासाची चव अपेक्षित आहे. प्रत्येक नमुन्यानंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. ज्या नमुन्याच्या रंगाविषयी संशय असेल तो चाखू नये.

आकार व स्वच्छता, ३ गुण : हळकुंडे भरीव, लांब व सारखी असावीत, माती, मुळ्या, किडके तुकडे नसावेत.

प्रत्येकाने आपले गुण इतरांशी न बोलता लिहावेत. सर्वांची सरासरी काढल्यावरच क्रमांकांमागील नावे उघड करावीत.

कुरकुमीनचे प्रमाण मात्र जिभेने वा डोळ्याने ठरत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठविला पाहिजे. शिवाय अधिक कुरकुमीन म्हणजे प्रत्येक खरेदीदारास अधिक पसंत, असेही नाही. अर्क काढणारा कारखाना कुरकुमीन पाहतो, तर मसाला करणारा रंग, वास व स्वच्छता पाहतो.

चकाकीचा धोका

पॉलिशमुळे साल व माती निघून माल उजळतो, हे योग्यच आहे. परंतु आतील दोष त्याने जात नाहीत. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, फिकट माल पिवळा दिसावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट हा शिसेयुक्त रंग चोळला जातो. शिसे हे विष असून लहान मुलांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते. बांगलादेशात १९८० च्या दशकातील पुरानंतर काळवंडलेली हळद खपविण्यासाठी ही प्रथा सुरू झाल्याचे संशोधकांस आढळले. २०१९ मध्ये तेथील बाजारातील तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. जाहीर प्रचार, तपासणी व दंड या उपायांनी २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. चकाकीला भाव देणारा खरेदीदार आणि चकाकीवर भुलणारे गिऱ्हाईक हेच या प्रथेचे पोषण करतात.

घरगुती परीक्षा सोपी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात हळकुंड सोडावे. पाण्यात लगेच भडक पिवळा रंग उतरू लागला तर माल संशयास्पद मानून प्रयोगशाळेकडे पाठवावा.

गुणांवरून दोषाचे मूळ

गुणपत्रिकेचा खरा उपयोग पुढील हंगामासाठी आहे. आतील रंगास गुण कमी पडले असतील तर शिजवण तपासावी. कमी शिजलेली हळद ठिसूळ होते व अधिक शिजल्यास रंग बिघडतो. पाण्यात शिजवताना साधारणतः ४५ ते ६० मिनिटांत फेस येतो, हळदीचा विशिष्ट वास सुटतो व हळकुंडात काडी सहज शिरते; तेव्हा शिजवण थांबवावी. जेठे गड्डे व हळकुंडे एकत्र शिजवू नयेत, कारण दोहोंस लागणारा वेळ भिन्न असतो. वासास गुण कमी असतील तर वाळवण व साठवण पाहावी. हळद स्वच्छ फरशीवर अथवा ताडपत्रीवर ५ ते ७ सेंटिमीटर थरात १० ते १५ दिवस वाळवावी व रात्री झाकून ठेवावी.

वसमतच्या हळदीस मानांकन मिळाले, तसेच वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही स्थापन झाले आहे. परंतु हे नाव राखणे प्रत्येक शेतकऱ्याच्या खळ्यावर अवलंबून आहे. या नावाखाली एक वाईट पोते गेले तर त्याचा तोटा शेजाऱ्यालाही सोसावा लागतो. यास्तव येत्या हंगामात माल बाजारात नेण्यापूर्वी प्रत्येक गावाने एकदा तरी अशी परीक्षा घ्यावी, गुणपत्रिका जपून ठेवावी आणि पुढील वर्षीच्या गुणांशी ताडून पाहावी.